सुगीतली हिरवी खूण

ज्वारी काढणीला आली की मला भाग्यश्रीचा हेवा वाटायला लागतो. तसा तो वर्षभर वाटतोच, पण इतर महिन्यांत माझ्यामागं इतकी पळापळ असते की तो बिचारा कुठंतरी कोपऱ्यात पडून राहतो. माघ सरत आला, रानातली ताटं पिवळी पडून वाऱ्यावर खडखडायला लागली, सकाळचा गारवा न्याहारीपर्यंतसुद्धा टिकेनासा झाला, की तो उठून बसतो. आज सकाळी दार उघडलं आणि कडब्याचा वास आला. गोडसर, कोरडा, नाकात थोडासा टोचणारा. या वासानं लोकांना भरलेली पोती आठवतात, हुरड्याची राख आठवते. मला एका मोबाईलचा पडदा आठवतो आणि त्यावरची एक हिरवी खूण.

आमचं गाव मैंदर्गीच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला. इथली माणसं मराठीत भांडतात आणि कानडीत समजूत घालतात. मी इथली आशा, घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही, सगळ्यांची मी आक्का. कितीतरी वर्षं अख्खं गाव माझ्या एकटीकडं होतं. गर्भार बायांची नावं, लेकरांचे डोस, क्षयाच्या गोळ्या, कुणाची पाळी चुकली आणि कुणाची मुद्दाम चुकवून सांगितली, हे सगळं माझ्या डोक्यात आणि एका जाड वहीत असायचं. सुनेला दिवस गेल्याचं सासूच्या आधी मला कळायचं. मी वाटेनं निघाले की ओट्यावरच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "बर्री आक्का, कुंद्री." या, बसा. मी बसायची नाही, पण त्यांनी म्हटल्याशिवाय माझा दिवस उजाडायचा नाही. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू?

मग गाव वाढलं आणि वरून सांगून आलं की आता दोन आशा पाहिजेत. ओढ्याच्या अलीकडचं गावठाण माझ्याकडं राहिलं, पलीकडची वस्ती भाग्यश्रीकडं गेली. भाग्यश्री नातेपुत्याकडची, लग्न होऊन आमच्या गावात आलेली, बारावी पास. अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखी आणि तोंडानं गोड. मी माझ्या हातानं तिला पलीकडची सगळी घरं दाखवत फिरले. प्रत्येक दारात म्हणत होते, "हिला माझ्यासारखंच समजा बरं का." आणि मनातल्या मनात म्हणत होते, समजू नका. त्या दिवशी मालक जेवताना म्हणाले, "एका दादल्याला दोन बायका झाल्या म्हनायच्या. आता गाव कुनाच्या ताटात जेवतंय बगू." ते स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले. मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं जरा उशिरानंच ठेवला.

पण तेव्हा मला फार भीती नव्हती, कारण भाग्यश्रीला कानडी येत नव्हतं. पलीकडच्या वस्तीवरच्या बाया पोटातलं दुखणं कानडीतच सांगतात. मराठीत त्या फक्त "काय न्हाय, बरं हाय" म्हणतात. भाग्यश्री ते लिहून घ्यायची आणि मी गालात हसायची. एखादी बाई मुद्दाम ओढा ओलांडून माझ्याकडं यायची, तेव्हा मी वरवर म्हणायची, "अगं, तुझी आशा आता भाग्यश्री हाय की." आणि तिला चहा टाकायची, साखर जास्त घालून.

एका हिवाळ्यात मोबाईल आले. आम्हा सगळ्या आशांना आरोग्य केंद्रात बोलावलं, एकेकीच्या हातात एकेक फोन दिला आणि सांगितलं की आता वही बंद, नोंद ह्याच्यात करायची. भाकरी थापून आणि खुरपं धरून माझ्या बोटांची कातडी राठ झालेली. त्या काचेला माझं बोट कळेचना. मी एक दाबावं, त्यानं दुसरंच उघडावं. शेजारी बसलेल्या भाग्यश्रीची बोटं काचेवर भुरभुर चालली होती. मधेच ती वाकून हळूच म्हणाली, "आक्का, दाबू नका. नुस्तं टेकवा." चांगल्यापोटीच म्हणाली. पण चारचौघींत मला कुणी शिकवावं, आणि तेही हिनं, हे मला फार झोंबलं. परत येताना जीपमध्ये मी तिच्याकडं पाठ करून बसले आणि बाहेरची तूर बघत राहिले.

त्या फोनमध्ये प्रत्येकीची यादी होती. भेट वेळेवर झाली की बाईच्या नावापुढं हिरवी खूण, राहिली की नाव लाल. ती यादी उपकेंद्राच्या सिस्टरलाही तिच्या फोनवर दिसायची. बैठकीत सिस्टर म्हणायची, "भाग्यश्रीची यादी बघा, शेतासारखी हिरवीगार. आक्का, तुमच्यात मात्र गुलमोहर फुललाय." बाया हसायच्या, मीही हसायची, आणि घरी येऊन जात्यागत दात खायची. मी उन्हातान्हात दहा दारं फिरून यायची, आणि नेमकं नोंद करताना रेंज नसायची. ती देवळापाशी कट्ट्यावर बसायची, तिथं रेंज असते, आणि पंधरा मिनिटांत तिची सगळी नावं हिरवी. मी मनाशी ठरवून टाकलं की ही फिरतच नाही. बसल्या जागी खुणा करते. एकदा मी सिस्टरच्या कानावर घातलंसुद्धा, अगदी साळसूदपणे, "तिची तब्येत बरी नसती का हो? लई बसून असती कट्ट्यावर." सिस्टरनं माझ्याकडं जरा बघितलं आणि विषय बदलला. नंतर कळलं, भाग्यश्री दुपारी चार तास वस्तीवर फिरायची, सगळं हातावर पेनानं लिहून आणायची आणि मग रेंजमध्ये बसून भरायची. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत निळे आकडे असायचे. आणि हो, कानडी शब्द ती फोनमध्ये बोलून साठवायची आणि भांडी घासताना ऐकायची. वर्षभरात ती गौरव्वाच्या ओट्यावर बसून कानडीत हसायला लागली. तो हसण्याचा आवाज ओढ्याअलीकडं मला ऐकू यायचा.

गौरव्वा म्हणजे कावेरीची आई. आणि कावेरी म्हणजे, काय सांगू, माझी. माझ्या पोटची नाही, पण माझीच. लहानपणी पोलिओचा डोस म्हटलं की ती कडब्याच्या बुचाडात लपायची आणि फक्त माझ्या हाकेला बाहेर यायची. ती वयात आली तेव्हा आईच्या आधी तिनं मला सांगितलं. लग्न गावातल्या गावात झालं. माहेर ओढ्यापलीकडं वस्तीवर, सासर अलीकडं माझ्या गल्लीत. ज्या दिवशी तिनं पदराआड लाजत दिवस गेल्याचं सांगितलं, त्या दिवशी मी तिचं नाव फोनमध्ये घातलं, आणि तेवढी एक नोंद मात्र माझ्या बोटानं पहिल्या झटक्यात घेतली.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि कावेरी आईकडं गेली. मोबाईलला ही रीत ठाऊक होती. बाई माहेरी गेली की तिचं नाव माहेरच्या आशाच्या यादीत पाठवायचं, असं बटण त्यात होतं. एकदा बोट टेकवायचं, बस. भाग्यश्रीनं मला रस्त्यात गाठून विचारलं, "आक्का, कावेरीचं नाव पाठवा की माझ्याकडं. यादीत असल्याशिवाय मला काय भरता येईना."

"पाठविते की," मी म्हटलं.

नाही पाठवलं. अर्धं गाव गेलं, ओट्यावरच्या म्हाताऱ्या गेल्या, आता कावेरीसुद्धा हिच्या यादीत? बाळंतपणाला दवाखान्यात हिनं न्यायचं आणि बाळ पहिल्यांदा हिच्या हातात? मी म्हटलं, ओढा काही समुद्र नाही. मी जाईन पलीकडं. पहिल्या दोन पंधरवड्यांना मी गेलेसुद्धा. कावेरी मला सोडायला बांधापर्यंत यायची. "आक्का, परत कदी येनार?" म्हणायची. मी दिवस सांगायची आणि त्या दिवशी जायची.

मग सुगी आली. सुगीत आमच्याकडं घरात माणूस सापडत नाही. दारांना कड्या, गल्लीत कुत्री, आणि सगळं गाव रानात. ज्वारी उपटायची म्हणजे मुळासकट. तळहाताला फोड येतात, कणसाची कूस मानेवर बसून खाजत राहते, आणि दुपारी शेंगाची चटणी नि कडक भाकरी तोंडात मोडताना बाजूच्या रानातून कुणीतरी आरोळी देतं. मजूर कुणाला परवडत नाहीत, म्हणून आम्ही सावड करतो. आज चार घरांनी मिळून तुझं रान काढायचं, उद्या त्याचं. सावडीत आपल्याच रानातून आपणच गायब झालो तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. मी कावेरीला सोमवार सांगितला होता, आणि सोमवारीच आमच्या रानात सावड आली.

सकाळी निघताना यादी बघितली. सगळ्यात वर कावेरी. आज गेले नाही तर उद्या नाव लाल होणार, लाल झालं की सिस्टर विचारणार, आणि विचारल्यावर म्हणणार की माहेरी गेली असेल तर भाग्यश्रीकडं का नाही पाठवली? मी दुपारपर्यंत पेंढ्या बांधत ते डोक्यात घोळवत राहिले. जेवणं झाल्यावर माणसं बाभळीखाली आडवी झाली, तेव्हा मी बांधावर उभी राहून फोन वर धरला. रेंज होती. भेट दिली का? हो. डोकं दुखतं का? नाही. डोळ्यापुढं अंधारी येते का? नाही. पायावर सूज आहे का? नाही. हिरवी खूण आली. ज्या गोष्टीवरून मी भाग्यश्रीचं नाव खराब केलं होतं, तीच मी केली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय? मला वाईट वाटलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला हायसं वाटलं. नाव माझ्याकडं राहिलं.

बुधवारी सावड दुसऱ्याच्या रानात होती. फोन भाकरीच्या फडक्यात ठेवला होता. तो वाजला, बघितलं तर भाग्यश्री. नाव मागायला केला असणार म्हणून मी कापला. परत वाजला, परत कापला. तिसऱ्यांदा मी तो फडक्यात गुंडाळून खाली सारला.

पुढचं मला गौरव्वानं सांगितलं. भाग्यश्री बांधावरून चालली होती, कावेरी कडब्यावर बसलेली दिसली म्हणून थांबली. कावेरी म्हणाली, काही नाही, बरं आहे. पण ती उठून चप्पल घालायला गेली तर पायात चप्पल जाईना. भाग्यश्रीनं खाली बसून नडगीवर बोट दाबलं आणि उचललं, तर खड्डा तसाच. डोकं दोन दिवसांपासून दुखत होतं. तिनं सिस्टरला फोन केला. सिस्टर लसीकरणात होती, तिनं तिच्या फोनवर नोंद बघितली आणि म्हणाली, "परवाच आक्का बघून गेल्यात, सूज नाही लिहिलंय. उद्या सकाळी घेऊन ये." भाग्यश्री म्हणाली, "सिस्टर, नोंद ऱ्हाऊ द्या. मी पाय बगतीय." आणि तिनं अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. तालुक्याच्या दवाखान्याच्या फाटकातच कावेरीला फिटचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, गावात असती तर बाई गेली असती, आणि बाळ पण.

रानात निरोप आल्यावर मी निघाले, पोचले तेव्हा दुपार उतरत होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात भाग्यश्री बाकावर बसली होती. केसांत ज्वारीचा भुसा, आणि मांडीवर कावेरीची ती न बसलेली चप्पल. आता जे लिहिते आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आत कावेरी जगते की मरते ठाऊक नव्हतं, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की ही चप्पल माझ्या मांडीवर पाहिजे होती. भीती त्याच्यानंतर आली. तिनं माझ्याकडं वर बघितलं. बाकावर सरकून जागा दिली.

कावेरी वाचली. तीन दिवस तिनं कुणाला ओळखलं नाही, मग ओळखलं. पोरगी झाली, मुठीएवढी, काचेच्या पेटीत राहून तीही जगली. बारशाला नाव वेगळं ठेवलं, पण गौरव्वा तिला भाग्या म्हणते. आता सगळं गाव म्हणतं. ती पोर गल्लीतून पळते आणि कुणीतरी हाक मारतं, "ए भाग्या!" आणि माझ्यामुळंच ती हाक सुरू झाली, हे मला ठाऊक आहे.

त्या नोंदीबद्दल मला कुणी विचारलं नाही. दोन दिवसांत एवढी सूज चढू शकते, असं डॉक्टरच म्हणाले. मी मान हलवली. लोक तर म्हणाले, आक्का परवाच बघून गेली होती बघा, तरी नशीब कसं असतं. माझं नाव चांगलं राहिलं. त्यानंतर मी एकही खूण दार बघितल्याशिवाय केलेली नाही. पण हेवा गेला नाही. उलट आधी मला तिच्या बोटांचा हेवा वाटायचा, नंतर तिच्या झोपेचा वाटायला लागला.

यंदा सुगीच्या तोंडावर कावेरी परत गर्भार आहे. दुसरं बाळंतपण सासरी, म्हणजे नाव माझ्या यादीत, कुणाशी वाद नाही. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण त्या प्रश्नांपाशी आले की माझा हात पुढं जाईना. गेल्या आठवड्यात मी देवळाच्या कट्ट्यावर भाग्यश्रीच्या शेजारी जाऊन बसले. ती हातावरचे आकडे फोनमध्ये भरत होती. मी म्हटलं, "त्या सोमवारी मी कावेरीकडं गेलेच नव्हते."

"म्हाईत हाय," ती वर न बघता म्हणाली. "त्या दिशी मी तुमच्या रानाच्या कडंनं गेले हुते. तुमी बांधावर फोन धरून उभ्या व्हता. मागनं सिस्टरच्या फोनवर नोंदीचा टाइम बगितला."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या आक्का, झालं गेलं. तिचा चेहरा तसाच गोड आहे ना. पण तिनं फोन बाजूला ठेवला. "मला येवडी वर्सं राग हाय तुमचा," ती म्हणाली. "लई राग हाय. तुमाला काडलं असतं तर गावाचं नुकसान व्हतं, म्हनून गप बसले. पन माझ्याकडं कशाला सांगताय? सूज माझ्या पायाला न्हवती. जिच्या पायाला व्हती तिला सांगा."

ती उठून गेली. मी कट्ट्यावर बसून राहिले. गप्प राहायचं, आणि गप्प राहूनही राग धरायचा, हे माझ्याच्यानं कधी झालं नसतं. लाज वाटली, आणि लाजेच्या शेजारी हेवाही होताच, माझा जुना सोबती.

आज सकाळी कडब्याचा वास आला तशी मी कावेरीकडं गेले. ती अंगणात सुपात ज्वारी घेऊन बसली होती. भाग्या शेजारी दाणे उधळत होती. मी बसले, आणि एका दमात सगळं सांगितलं. सोमवार, सावड, बाभळ, चारही प्रश्न आणि त्यांची चारही उत्तरं. नाव का नाही पाठवलं तेही सांगितलं. भाग्यश्रीवर जळत होते म्हणून, तू तिची होशील म्हणून.

कावेरी ज्वारी पाखडत राहिली. मला वाटलं आता उठून जा म्हणेल. मग तिनं सूप खाली ठेवलं.

"भाग्यश्रीताई सोमवारी पन आली हुती वस्तीवर," ती म्हणाली. "मंगळवारी पन. पाय बगू म्हनली दोनी दिस. मी दाखवलं न्हाईत. म्हनलं माझी आशा आक्का हाय, ती सोमवारी येनार हाय, तिलाच दाखवीन." तिनं पोरीच्या हातातले दाणे काढून घेतले. "दोन दिस मी पाय पदराखाली झाकून तुमची वाट बगत बसले हुते."